लेबल कापलेला टॉवेल

माग बंद झाले होते, तरी सगळे सवयीनं ओरडूनच बोलत होते.

मालकांनी ईश्वरकाकांच्या डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल ठेवला आणि टाळ्या वाजल्या. आज दहा विणकरांचा निरोप होता. तीस वर्षं टॉवेल विणणाऱ्याला जाताना टॉवेलच द्यायचा! पण सोलापुरात आहेर टॉवेल-टोपीचाच असतो, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

सुपरवायझर प्रदीप मात्र भिंतीला टेकून घामाघूम उभा होता. काकांनी तेवढा टॉवेल उलटा करू नये, एवढाच त्याचा मनात धावा चालला होता. टॉवेल इथला नव्हताच. कारखान्याचा शेवटचा माल कधीच विकून झाला होता, म्हणून त्यानं परदेशी गठ्ठ्यातले दहा काढले आणि सकाळी बसून एकेकाचं लेबल कात्रीनं कापलं. ती दहा लेबलं अजून त्याच्या खिशात होती.

कुठला तरी करार झाला, त्या देशातून येणाऱ्या टॉवेलवरचं आयात शुल्क उठलं, आणि मालक विणायचं सोडून तेच टॉवेल विकू लागले. त्याआधी त्यांनी प्रदीपपुढे दोन टॉवेल टाकले होते. "खरं सांग, बाहेरचा कमी आहे का?" कमी नव्हता. प्रदीपनं तसं सांगितलं. टॉवेलची पारख त्याला काकांनीच शिकवली होती आणि तीच काकांच्या मुळावर आली. त्या दिवसापासून त्याला त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवता येत नव्हता.

"बगा की काका, कसा हाय आपला माल!" घड्या घालणारी मायाक्का ओरडली.

झालं. काकांनी टॉवेल खांद्यावरून काढून उलटा केला. सूत दोन बोटांत चोळलं, काठ ओढून पाहिला. अंगठा कोपऱ्यावर येऊन थांबला. तिथं शिवणीत कापलेल्या लेबलाचं टोक राहून गेलं होतं.

त्यांनी प्रदीपला खुणेनं जवळ बोलावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते हळू बोलले.

"लेबल कुटं हाय?"

प्रदीपचा हात खिशात गेला, पण बाहेर काही निघेना. "चुकलं, काका. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कापलं."

काकांनी टॉवेलची नीट घडी घातली आणि काठावरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला.

"लई चांगला इनलाय रे तिकडच्या इनकरानं. त्याचं गाव कशाला कापलंस? त्यालाबी एक दिस कुणीतरी टॉवेल-टोपी देईलच की."