चक्कर गेली

"डोळे मिटून सरळ उभ्या राहा, हेमांगीताई," तपासणी करणारे धोत्रे सर म्हणाले.

आज हेमांगीला पडायचंच होतं. या फिरत्या अंतराळवसाहतीतून चक्कर न गेलेल्यांनाच पृथ्वीवर परत पाठवत, आणि तिची तान्ही शर्वी तिथे होती. पण उलट्या सोसेनात, म्हणून तिनं अंगठ्यावर नजर रोखून मान फिरवण्याचा, चक्कर घालवणारा व्यायाम रोज केला होता.

तिनं अंग झोकून दिलं. पायांनी आपोआप सावरलं.

"सोंग सगळेच करतात हो," सर हळूच म्हणाले. "तुमचा मेंदू आता इथल्या फिरण्याला सरावला. पृथ्वीवर तुम्हाला उभंही राहता येणार नाही."

"मग रांगेन, सर. शर्वीसुद्धा अजून रांगतेच आहे."

सरांनी कागदावर 'चक्कर गेली' असा शेरा मारला आणि दार उघडून पुढच्या माणसाला हाक मारली.