करीचा बेत

"यंदा आपण बाहेर टिनाखाली बसू," टेकचंद म्हणाला. "आतमधी जीव घुसमटते."

"बरं भाऊ, बाहेर बसू," मंगेश म्हणाला.

स्वयंपाकघरात चहा गाळणाऱ्या रिताचा हात थांबला. पोळ्याची संध्याकाळ होती. बैल मिरवून गोठ्यात आले होते आणि ओसरीवर दरवर्षीसारखा करीचा बेत चालला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, टेकचंद आणि त्याचे हे तीन दोस्त कारध्याच्या नाक्यावरच्या बारमध्ये जेवायला जात. जात म्हणजे आधी भांडत. कुठं बसायचं, मटण की मासा, भाकरी की भात, एकेका गोष्टीवरून एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरत. शेजारचा मंगेश तर कूलरसमोरची खुर्ची सोडायची म्हटलं की उठून घरी जायला निघायचा. आणि आज तो म्हणत होता, बाहेर बसू.

काय झालं ते रिताच्या लक्षात आलं.

नागपूरच्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, नवऱ्याचं लिव्हर संपलंय, दिवाळी पाहिली तरी खूप झालं. टेकचंदला मात्र ती म्हणाली होती, "गोळ्या लागू पडून राहिल्या. दारूचा एक थेंब घेतला तं विष, नाही घेतला तं बरे व्हाल." जन्मात कोणाचं न ऐकलेल्या माणसानं तेवढं मात्र ऐकलं. पथ्याचं बेचव अन्न मुकाट्यानं खाऊ लागला, पुढच्या हंगामात कोणता धान लावायचा ते बोलू लागला. ती आशा मोडू नये, जितके दिवस आहेत तितके त्यानं त्याच भरवशावर काढावे, एवढंच रिताला हवं होतं. एकटीनं हे पेलवेना, म्हणून काल तिनं तिघा दोस्तांना गाठून खरं सांगितलं आणि हात जोडले. "ह्यायले कळू देऊ नोका. आन् ह्यायचं मन मोडू नोका, एवढंच करा."

शब्दाला जागणारी माणसं ती. मन मोडत नव्हती.

"मटण घेऊ," टेकचंद म्हणाला. "पण बिनतिखटाचं सांगू. मले तिखट चालत नाही आता."

रिता कपबशा घेऊन दारात आली. आता तरी कोणी बोला, तिनं मनात विनवलं. करीच्या दिवशी बिनतिखटाचं मटण! साधी वेळ असती तर इश्वरनं त्याला ओसरीवरून ढकलून दिलं असतं. हा इश्वर चौघांत वयानं लहान, तोंडानं सगळ्यांत फाटका.

"सांगू ना भाऊ," इश्वर म्हणाला. "आमाले बी तेच चालन."

टेकचंद जरा हसला. मग हसायचा थांबला. गेल्या काही महिन्यांत त्याचा चेहरा उतरून नुसती हाडं राहिली होती, डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. त्या डोळ्यांनी त्यानं तिघांकडं पाळीपाळीनं पाहिलं. रिताला त्याची ती नजर ठाऊक होती. बाजारात बैल घेताना तो दात बघायचा, तेव्हा अशी असायची.

"आन् एक पेग मी बी घेईन," तो म्हणाला.

वैशाखापासून त्यानं दारूला हात लावला नव्हता. अस्सल वैरीसुद्धा ओरडला असता, मेल्या, मरायचं आहे काय.

मंगेशनं घसा खाकरला. "घे ना भाऊ," तो खाली बघत म्हणाला. "काय होते एका पेगनं?"

"काही घेनार नाही ते!" रिता ओरडली. ट्रेमधल्या कपांतला चहा बशांत सांडला. "मंगेशभाऊ, तुमाले लाज नाही वाटत? डॉक्टरनं बजावलं हाय! बरे होऊन राहिले ते, आन् तुमी..."

आवाजात राग आणायला गेली, पण निघालं रडू. तिनं घाईनं ट्रे खाली ठेवला आणि पदरानं हात पुसत राहिली.

"तू ओरडली, ते बराबर," टेकचंद शांतपणे म्हणाला. "थे तुले ओरडाच लागते. पण हे काहून गप आहेत?"

मंगेशनं एक कप उचलून बशीतला चहा परत कपात ओतला.

"इश्वर, गेल्या करीले मी भात मांगला तं तू माह्यावर ताट उचललं होतं. आज मी माती खाऊ म्हणलं तरी तू हो म्हणशीन." तो भिंतीला टेकून बसला. धाप लागली होती त्याला. "रिताले नाही विचारत मी. थे खोटं बोलन. तुमी सांगा. किती दिवस म्हणते डॉक्टर?"

रिताजवळ आजवर प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं. पोट का फुगलं, पाय का सुजले, भूक का मेली, सगळ्याला. आता ती खाली बसून एकेक कप उचलून पुसू लागली. इश्वर उठून अंगणाकडं तोंड करून उभा राहिला, पण हलणारे खांदे लपवता आले नाहीत त्याला.

तिसरा दोस्त, सगळ्यांत थोरला गोमाजी, खांबाला टेकून बसला होता. त्यानं, त्याचं त्यालाही कळलं नसावं, डोक्यावरची टोपी काढली आणि दोन्ही हातांनी मांडीवर धरली.

टेकचंदनं ते पाहिलं.

"टोपी घाल गा, गोमाजी," तो म्हणाला. "आजून जित्ता आहो मी."