सेवा पूर्ववत होईपर्यंत

मेणबत्तीवाला स्वतःच्या पायांनी दातांच्या दवाखान्यात आला. गाल धरून.

काउंटरवरच्या आत्याने त्याला लगेच ओळखलं. त्याने कुणालाच ओळखलं नाही. तो वीज-गॅस कंपनीचा प्रवक्ता होता. रोज इतक्या लोकांना उडवून लावायचं, तर चेहरे कुठे लक्षात ठेवत बसणार? काउंटरवर एक कोरी मेणबत्ती उभी होती. तिच्याकडे बघून तो म्हणाला, "लाइट फार जातात वाटतं इकडे?"

"एकदाच गेले होते," आत्या म्हणाली. "बसा."

मग आत जाऊन ती डॉक्टर भाचीच्या कानाला लागली. "तोच आलाय गं. आख्खी बत्तिशी आपणहून घेऊन आलाय. सगळे उपट."

"आत्या, मी डॉक्टर आहे."

"म्हणूनच तुला सांगतेय. मी उपटले तर पोलीस येतील."

डॉक्टरने मास्क नाकावर ओढला. मागच्या सुनावणीला ती नियामक आयोगासमोर उघड्या चेहऱ्याने उभी राहिली होती. कंपनीने न कळवता वीज बंद केली तेव्हा तिचं ड्रिल एका पेशंटच्या दाढेत होतं. तो अर्धी दाढ घेऊन पळाला आणि गावभर सांगत सुटला. तेव्हापासून दवाखान्याच्या बाकावर धूळ सोडून कुणी बसत नाही, असं ती म्हणाली होती. त्यावर हा उठून म्हणाला होता, "मॅडमनी मेणबत्ती लावून हाताने फिरवायचं होतं." हॉल हसला. अध्यक्षही हसले, आणि मग हसू कामकाजातून काढून टाकायला सांगून गंभीर झाले.

आता हा तिच्याच खुर्चीत आडवा झाला होता.

"डावीकडची दाढ ठणकतेय," तो म्हणाला, "आणि उजवीकडची धमक्या देतेय. अकराला माझी सुनावणी आहे. दोघींना गप्प करा."

"कसली सुनावणी?"

"काही नाही हो. दुरुस्तीसाठी वीज किंवा गॅस बंद करायचा तर लोकांना आधी कळवावं लागतं. ती अट काढून घेतोय. चार लोक हरकती घेणार, मी तोंडी उत्तरं देणार, झालं."

"तुम्हीच? दुसरं कुणी नाही?"

"ज्याचं नाव कळवलंय त्यानेच बोलायचं, असा नियम आहे. उत्तर नाही दिलं तर हरकत मान्य. पण माझं तोंड कधी बंद पडलंय?"

डॉक्टरने खण उघडला. बधिर करायची दोन औषधं होती. एकाचा असर जेवणापर्यंत उतरे, दुसऱ्याचा दिवेलागणीला. दाढेला दोन्ही चालत होती. तिचा हात पहिल्या बाटलीवर गेला. जायला हवा तिथेच गेला, खरं म्हणजे.

"तुमच्याच धंद्यातली एक बाई आली होती मागच्या वेळी," तो छताकडे बघत म्हणाला. "अशी जिरवली तिची! रडकुंडीला आली बिचारी."

तिने दुसरी बाटली उचलली.

"थोडं टोचेल," ती म्हणाली. एवढी पूर्वसूचना तिने दिली. आधी डावीकडे, मग उजवीकडे. काम तिने मन लावून केलं. कुणीही येऊन तपासावं, कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

उठताना त्याने ओठ चाचपले. ओठ जागेवर होते, पण ते कुणा दुसऱ्याचे वाटत होते. "हे... कदी... जाईल?"

"सेवा पूर्ववत होण्याची निश्चित वेळ सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाली. "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

वाक्य त्याला ओळखीचं वाटलं, पण कुठलं ते आठवेना. ते त्यानेच लिहिलं होतं. कंपनीच्या तक्रार-क्रमांकावर अहोरात्र वाजायचं.

अकरा वाजता डॉक्टर हॉलमध्ये दुसऱ्या रांगेत बसली, शेजारी आत्या. हरकती वाचून झाल्या. अध्यक्ष म्हणाले, "कंपनीचं उत्तर?"

प्रवक्ता उठला. कोट नीट केला. "माअईय अय्यक्ष अओहय..."

अध्यक्षांनी माइक बदलायला सांगितला. दुसऱ्या माइकवर तो तेच बोलला, जरा जास्त ओलसर. मग इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो माइकमध्ये "हॅलो, हॅलो" म्हणाला, ते बाहेरच्या चहावाल्यालाही ऐकू गेलं. "माइक एकदम ओके आहे साहेब," त्याने जाहीर केलं आणि प्रवक्त्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं, याचं कनेक्शन कुठे सुटलंय ते शोधत असल्यासारखं.

लाळ टायवरून सरळ रेषेत खाली उतरत होती.

"बोलता येत नव्हतं," अध्यक्ष म्हणाले, "तर आधी कळवायचं होतं."

त्यांनी हरकतींची फाइल मिटली.

"आयोगाचा खोळंबा झाला. उत्तर नाही, म्हणून सर्व हरकती मान्य. अट कायम."

प्रवक्ता मदतीसाठी इकडेतिकडे बघू लागला. दुसऱ्या रांगेतल्या बाईने पर्स उघडली, मास्क काढला, सावकाश कानांना अडकवला आणि नुसते डोळे ठेवून त्याच्याकडे बघितलं.

त्याने तिला ओळखलं. बोट रोखून तो तोंडाला येईल ते बोलला, मोठ्याने आणि बराच वेळ. माइक उत्तम चालत होता. शब्दन् शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचला, आणि एकही कुणाला कळला नाही.

"मेणबत्ती लावून बघा की," आत्या जागेवरूनच म्हणाली.

हॉल हसला. या वेळी अध्यक्षांनी काहीच काढून टाकायला सांगितलं नाही.