दिव्यापुढं पारोशी

अल्लीपूरच्या गोपिकाबाईंना धुण्याचा आजार जडला होता. हात सोलवटले तरी मन म्हणायचं, अजून निघालं नाही. त्या न्हाणीतून बाहेर येईपर्यंत देवळातलं कीर्तन आरतीला आलेलं असायचं, आणि त्याचंच त्यांना रडू यायचं. नागपूरच्या डॉक्टरांनी गोळ्यांच्या जोडीला उजेडाच्या उपचारासाठी एक मोठा पांढरा दिवा दिला. सकाळी उठल्याबरोबर अर्धा तास त्याच्यासमोर बसायचं.

दिवा लागला की बाई हात जोडायच्या आणि थेट न्हाणीत शिरायच्या.

"अवं, उठल्याबरोबर बसाले सांगतलं डॉक्टरनं!" नवरा, भैय्याजी, बाहेरून ओरडायचे.

"दिव्यापुढं पारोशी कशी बसू? काही धरम हाय का नाई तुमाले?"

नुसते हात धुण्यातच सकाळ सरायची, आंघोळ पुढेच राहायची.

एके दिवशी उजेड वाया जाऊ नये म्हणून भैय्याजीच दिव्यापुढं बसले आणि अभंग म्हणू लागले. दुसऱ्याच ओळीला न्हाणीचं दार उघडलं.

"आवो, काय करून राह्यले? जन्म गेला कीर्तनात, अन् अशी चाल? सरका तिकडं!"

दिव्यापुढं बसून फेसाळल्या हातांनीच ताल धरत बाईंनी त्यांना अख्खा अभंग नीट म्हणायला लावला. पारोशानंच.

मग रोजच तसं होऊ लागलं. दोन-तीन महिन्यांनी बाई कीर्तनाला नमनापासून बसू लागल्या. डॉक्टर खूश झाले. "दिव्याचा चांगला गुण आला," म्हणाले.



भैय्याजींनी मान डोलावली आणि मनातल्या मनात विठ्ठलाची माफी मागून उद्या कोणता अभंग बिघडवायचा ते ठरवलं.