तुळसाबाईची सही

"टिंब राहिलं, मावशी," गोविंदा मास्तर म्हणाले.

तुळसाबाईने पाटीकडे डोळे बारीक करून पाहिले. तीन अक्षरे काढायला तिला अर्धी दुपार लागली होती, आणि मधल्या अक्षराच्या डोक्यावरचे टिंब ती आज तिसऱ्यांदा विसरली होती.

"बोडकंच राहिलं मेलं," म्हणून तिने टिंब दिले. "घे बाय, लावलं कुंकू."

मास्तर हसले. पाटी पुसून त्यांनी फळीवर ठेवली.

तुळसाबाई माजिवड्याची सुईण. तीस वर्षांत किती पोरे तिच्या हातावर जन्मली ते तिलाही ठाऊक नव्हते. मास्तरांची दोन्ही तिच्याच हातची. बोरू मात्र तिने आयुष्यात पहिल्यांदा धरला होता, आणि तोही पन्नाशी उलटल्यावर. कारण एकच. तिला पुस्तक छापायचे होते.

तिची सून शेवंती बाळंतपणात गेली, तेव्हा तुळसाबाई कल्याणला दुसऱ्याच घरच्या बाळंतपणात अडकली होती. बाळंतिणीला पाणी द्यायचे नसते, म्हणून घरातल्या बायांनी पोरीला दोन दिवस थेंबभर पाणी दिले नाही. तुळसाबाई परतली तेव्हा सगळे आटोपले होते. "मी एका टायमाला एकाच घरात आसते," ती म्हणायची. "पुस्तक धा घरात आसंल."

गावाने तोंडसुख घ्यायचे ते घेतलेच. पुस्तके साहेब नि शास्त्री लिहितात, हिला काय येते? ज्याला अक्षर येत नाही त्याचे कसले पुस्तक? आणि आपल्याच खर्चाने छापायचे म्हणजे आपणच आपली आरती करायची!

"पोरगं आडवं आलं तवा कोनी इचारलं नाय, तुला अक्षर येतं का म्हनून," तुळसाबाईने सुनावले आणि गळ्यातली पुतळ्यांची माळ मोडली.

गोविंदा मास्तर भला माणूस. सबंध पावसाळाभर ती बोलली आणि त्यांनी लिहून घेतले. तिने काही देऊ केले तर हात जोडले. "मला काही नको, मावशी. पोरं तुमच्यामुळे जगली."

ठाण्याच्या शिळाछापखान्यात दोघे गेले, तेव्हा ती दारातच उभी राहिली. मालक मास्तरांशी बोलत होता.

"स्वतःच छापताय? अहो, ज्याचं कुणी छापत नाही तो स्वतः छापतो, असं म्हणतात लोक. आणि छापलं की आपोआप खपेल, असंही समजू नका."

"खपवू," मास्तर म्हणाले.

"मग आत एक ओळ घालतो. ज्या प्रतीवर ग्रंथकर्त्याची सही नसेल, ती चोरीची समजावी. हल्ली फार चोऱ्या होतात. मात्र प्रत्येक प्रतीवर सही लागेल हं."

बाहेर पडल्यावर तुळसाबाई थांबली. "मास्तर, मंजे सही करल त्याचंच पुस्तक?"

"त्याचंच."

"मंग सही मी करनार."

"तीनशे प्रती आहेत, मावशी. कशाला त्रास? मी करून टाकतो."

"नाय." तिचा आवाज चढला. "आडवं पोर फिरवायची माजी रीत त्या कल्याणच्या वैद्यानं आपली म्हनून सांगितली. मी गप बसले. आता बसनार नाय. पुस्तक माजं, नाव माजं, सही माज्या हातची."

मास्तर तळ्यापर्यंत चालत गेले. मग म्हणाले, "बरं. शिकवतो."

आणि ते शिकवू लागले. तिची बोटे चुलीत सरपण सारणारी, नाळ कापणारी. बोरू त्यांत ठरेना. रोज दुपारी ती यायची, चुकायची, स्वतःलाच शिव्या घालायची. महिनाभराने तिन्ही अक्षरे एका रेघेत उभी राहिली. पहिल्याच्या डोक्यावर तुरा, मधल्याला कुंकू, शेवटचे आपले काठी टेकून उभे. घरी जाऊन तिने ती राखेत गिरवली आणि सुनेच्या आठवणीने रडली.

"फुडची नावं नकोत?" तिने एकदा विचारले.

"वडिलांचं नि आडनाव छापलेलं असतंच. सहीला एवढं पुरे."

प्रती आल्या. तिने पहिले पान उघडले, त्यावरच्या नावाच्या ओळीवर बोट ठेवले आणि पहिली तीन अक्षरे आपल्या सहीशी पडताळून पाहिली. तुऱ्याला तुरा, कुंकवाला कुंकू. तंतोतंत!

चार दिवस ती सह्या करत होती. अंगठा सुजला. मास्तर म्हणाले, उरलेल्या राहू द्या. तिने ऐकले नाही. तीनशेच्या तीनशे प्रतींवर तिने आपल्या हाताने सही केली, एकही टिंब विसरली नाही.

पहिली प्रत घेऊन ती कल्याणला उत्तराकडे गेली. उत्तरा दोन वर्षांपूर्वी बाळंतपणात तिच्याच हातून सुटलेली. नवऱ्याने तिला घरातल्या घरात वाचायला शिकवले होते. अजून ती अडखळायची, पण वाचायची.

तिने मधलेच पान काढले. "बाळं...तिणीला... तहान लागल्यास... पाणी... अवश्य द्यावे." तुळसाबाईचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. डोळ्यांतून घळाघळा पाणी आले.

"सगळं तुम्ही सांगितलंत, मावशी? अगदी सगळं?"

"सगलं. आनि ही बग." तिने पहिले पान उलटून शाईवर बोट टेकवले. "माजी सही. आता कोन चोरतो बगू! वाच ना, बाय. दुसऱ्याच्या तोंडून मी माजं नाव वाचलेलं कदी ऐकलं नाय."

उत्तराने पुस्तक उजेडाकडे धरले आणि एकेका अक्षराखालून बोट सरकवीत मोठ्याने वाचले.

"गो... विं... दा."