स्टिकरवाली मॅडम

“वाचता येतं ना तुम्हाला? मग हात का घातला?”

कंपनीच्या वकिलांनी पुन्हा तेच विचारलं. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या कुसाबाईंनी पदराखालचा उजवा हात आणखी आत ओढला. त्या हाताला आता फक्त अंगठा उरला होता. लासलगावजवळच्या एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडण्याच्या मशीनने बाकीची बोटं दोन रोलरच्या मध्ये ओढून नेली होती.

“वाचलं व्हतं, साहेब. खोटं कशाला बोलू?” कुसाबाई म्हणाल्या. “रोलरमधी हात घालू नका, असं लिवलं व्हतं. पर हात कसा गेला ते नाय सांगता येत.”

वकिलांना तेवढंच हवं होतं. ते समाधानाने खाली बसले.

मागच्या बाकावर चैताली पगारे हे ऐकत होती. मशीनवर चिकटवलेला तो इशारा तिनेच लिहिला होता.

माणूस यंत्रापुढे कसा वागतो, कुठे चुकतो आणि का चुकतो, याचा तिने मुंबईत राहून रीतसर अभ्यास केला होता. मुलगी नेमकं काय करते हे तिच्या आईला कॉलनीतल्या बायकांना कधी धड सांगता आलं नाही. ही मशीन बनवणाऱ्या, नाशिकजवळच्या अंबडच्या कारखान्यात मात्र सगळ्यांना सोपं नाव सापडलं होतं. स्टिकरवाली मॅडम.

मशीन नवं निघालं तेव्हा तिने रोलरवर जाळी बसवायला सांगितलं होतं. जाळी असली की अडकलेला कांदा काढायला मशीन बंद करावं लागणार. व्यापारी ते खपवून घेणार नाहीत, असं कंपनीचे मालक महेश बोरस्ते म्हणाले. “तुम्ही एक झकास इशारा लिहा, मॅडम. त्यासाठीच तर तुम्हाला घेतलंय.” तिने लिहिला. अक्षरं ठसठशीत घेतली, वाचता न येणाऱ्यांसाठी चित्र काढून घेतलं, खळ्याखळ्यावर जाऊन बायकांना दाखवलं. जाळीचा विषय तिथेच राहिला.

कुसाबाईंनी दावा लावल्यावर बोरस्त्यांनी तिलाच चाचणी घ्यायला पाठवलं. इशारा लोकांना कळतो की नाही, एवढं कोर्टात सिद्ध करायचं होतं. रोलरला जाड स्पंज गुंडाळून, कुणाला इजा होणार नाही अशी व्यवस्था करून तिने खळ्यावरच्या बायकांना मशीनपुढे रांगेत उभं केलं आणि चाचणी घेतली. निकाल ऐकून ‘इशारा कळला ना, मग तेवढंच पुरे,’ असं बोरस्ते म्हणाले होते. आज सकाळी कोर्टाबाहेरच्या टपरीवर त्यांनीच तिच्या हातात चहाचा ग्लास दिला.

“विचारतील तेवढंच बोलायचं. पुण्याचं ऑफिस तुमच्याकडे द्यायचं ठरलंय, लक्षात आहे ना?”

पुकारा झाला. चैताली पिंजऱ्यात जाऊन उभी राहिली. तिने शपथ घेतली.

“चाचणीतल्या बायकांनी इशारा पाहिला?” वकिलांनी विचारलं.

“हो.”

“त्यांना तो समजला?”

“समजला. काय लिहिलंय, ते सगळ्यांनी बरोबर सांगितलं.”

“म्हणजे इशाऱ्यात काही दोष नव्हता?”

“नव्हता. याहून चांगला इशारा मला लिहिता येणार नाही.”

बोरस्त्यांनी पाय लांब केले. कुसाबाई जमिनीकडे बघत राहिल्या. त्यांची वकील ज्योत्स्ना जाधव उलटतपासासाठी उठली खरी, पण तिचा चेहरा पडला होता. कंपनीच्या साक्षीदाराने सगळी दारं लावून टाकली होती.

“मला काही विचारायचं नाही,” ती म्हणाली.

“विचारा,” चैताली म्हणाली.

न्यायाधीशांनी मान वर केली. “मॅडम, काय विचारायचं ते साक्षीदाराने ठरवायचं नसतं. तुम्ही जाऊ शकता.”

चैतालीने पिंजऱ्याचा कठडा धरला. “संपूर्ण खरं सांगेन अशी शपथ घेतलीय, सर. माझं अर्धंच सांगून झालंय. इशारा समजल्यावर बायकांनी काय केलं, ते मला कुणीच विचारलं नाही.”

बोरस्ते अर्धवट उठले. त्यांनी वकिलांचा कोट ओढला. वकील काही बोलणार, तेवढ्यात ज्योत्स्नाने घाईघाईने विचारलं, “काय केलं त्यांनी?”

“वरून कांदा येतच असतो. एक अडकला की मागे ढीग होतो, खाली सांडायला लागतो, पलीकडून कुणीतरी ओरडतं. तेव्हा डोक्याच्या आधी हात पुढे जातो. त्या सगळ्यांनी रोलरमध्ये हात घातला. एकही बाई राहिली नाही.”

कोर्टात चुळबुळ झाली. कुसाबाईंनी पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे पाहिलं. बोरस्ते फोन कानाला लावून तरातरा बाहेर गेले. कारखान्यातलं आपलं टेबल आता आपलं राहिलेलं नाही, हे चैतालीला कळलं. तिने त्यांच्या पाठीकडे दुसऱ्यांदा पाहिलंही नाही.

“यातून एवढंच सिद्ध होतं,” कंपनीचे वकील चढ्या आवाजात म्हणाले, “की या खळ्यावरच्या अडाणी बायकांना कितीही सांगा, उपयोग नाही! साहेब, निष्काळजी माणसांसाठी कंपनीने काय करायचं?”

“चाचणीच्या त्या रांगेत मीही उभी होते, वकीलसाहेब,” चैताली म्हणाली, “सगळ्यात पहिला हात माझा गेला.”