दोनाचे बारा

अध्यापक विद्यालयात सराव पाठाच्या वेळी आम्हीच एकमेकींपुढे दुसरीची मुलं होऊन बसायचो. गणितात शाबासकी दर वेळी माझ्या बाकावरच्या मैत्रिणीलाच मिळायची आणि माझ्या पोटात दुखायचं. म्हणून तिच्या पाठाच्या दिवशी मी वर्गातलं ढ पोर झाले. तिनं फळ्यावर बेचाळीसमधून सतरा वजा करायला घेतले.

"बाई, शेजारच्या चारातून एकच घेतला ना? मग दोनाचे तीन होतील. बारा कसे?"

सगळ्या हसल्या. ती हसली नाही. दहा काड्यांची जुडी सोडून तिनं माझ्या हातात दिली.

"मोज, बाळा."

मी मोजल्या. दहा, आणि आधीच्या दोन.

तिला अडवायला विचारलेला प्रश्न मलाच लहानपणापासून अडलेला होता.

पुढे तिला शाळा मिळाली. वयाच्या सातव्या वर्षीच तिच्यापुढे बसणारी पोरं पाहिली, की माझ्या पोटात अजूनही दुखतं.